टेलरांच्या दारची सावली

गल्लीत सगळे त्यांना टेलर म्हणूनच ओळखायचे. घरात मात्र त्यांना हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती. राहिले ते टेलर आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना टेलरांची बायको ही एकच लेक, त्यामुळे ती गेल्यावरही त्या जावयाकडेच राहिल्या.

दोघांचं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मुलगी घरात होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. "आजीला विचार, चहा घेणार का." "बाबांना सांग, दूध संपलंय." ती सासरी गेली आणि दोघं अडले. टेलरांची तर वेगळीच पंचाईत. 'आई' म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि तोंडावर 'सासूबाई' कोण म्हणतं? मग ते नुसता घसा खाकरायचे. खाकरलं की त्या वळून बघायच्या, आणि काम भागायचं.

घरापुढे फाटकापासून पायरीपर्यंत मातीची एक पट्टी होती. बायकोने तिथे गुलाब लावले होते. तेव्हा दुपार कलेपर्यंत तिथे ऊन असायचं. पुढे शेजारचं बैठं घर पडलं, त्या जागी उंच इमारत उभी राहिली आणि ऊन वरच्या वर अडलं. गुलाब एकेक करत गेले. शेवटी एकच उरला, काडीसारखा, शेंड्याला डागाळलेली चार पानं. टेलर रोज सकाळी त्याला पाणी घालायचे, मधूनमधून खत, कधी औषधाची फवारणी. दुकानात मशीनवर बसले तरी जीव त्या काडीत अडकलेला.

एका रविवारी ते बुंध्याशी उकिडवे बसून माती मोकळी करत होते. सासूबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, एक बोलू?"

टेलरांनी मान वर केली.

"इथल्या दोरीवर सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळी ओलाच निघतो. मी हल्ली पंख्याखाली वाळवते. टॉवेलला पुरत नाही ते ऊन गुलाबाला कसं पुरणार?"

"तिने लावलाय," टेलर म्हणाले.

"माहीत आहे मला कुणी लावलाय. माझीच लेक होती ती." सासूबाईंचा आवाज चढला नाही. "म्हणूनच सांगते, त्याचे हाल करू नका. तुमच्या पोरीच्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं. तिथे नेऊ या."

टेलरांनी तेव्हा हो म्हटलं नाही. पण बोलणं मनात घोळत राहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. रोप मातीसकट काढलं, मुळं जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधली आणि बादलीत ठेवलं. सासूबाई बादली मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. खड्डा आला की म्हणायच्या, "हळू घ्या हो, पेशंट आहे."

मुलीने दार उघडलं आणि आजी आणि बाबा एकत्र आलेले बघून ती घाबरलीच. "काय झालं?"

"काही नाही," टेलर म्हणाले. "आईंच्या मनात आलं, म्हणून आलो."

सासूबाई बादलीतली माती दाबत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

गुलाबाने बराच काळ काही हालचाल केली नाही. मग पालवी फुटली, कळी आली. मुलीने फोनवर फोटो पाठवला तेव्हा टेलर दुकानात होते. समोर गिऱ्हाईक ब्लाउजपीस घेऊन ताटकळत उभं होतं, आणि टेलर फोटो मोठा करून बघत बसलेले.

इकडे दारची पट्टी रिकामी पडली होती. दोघं स्कूटरवरून नर्सरीत गेले. शिरल्या शिरल्या टेलरांची नजर लाल-पिवळ्या जरबेरावर खिळली. नर्सरीवालीने विचारलं, "ऊन किती येतं?"

"येतं थोडंफार," टेलर म्हणाले.

"अजिबात येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

नर्सरीवाली हसली. "मग फुलांच्या मागे लागू नका. पानं बघा." तिने त्यांना मागच्या हिरव्या जाळीखाली नेलं.

तिथे टेलर खुलले. ते एकेक पान कापडासारखं बोटांत धरून बघायला लागले. नेच्याचं पान जाळीदार, बिगोनियाचं मखमलीसारखं. सासूबाईंनी तोवर भराभर गडद हिरवी रोपं बाजूला काढली होती.

"आई, एवढं गडद नको," टेलर म्हणाले. "काळ्या कापडावर काळा दोरा घातला तर शिवण दिसत नाही. आपल्याकडे आधीच अंधार. भिंतीलगत पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट लावू, मधे पांढुरकं कॅलेडियम, आणि पुढे नेचे. गडद एखादंच ठेवा, उठाव यायला."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "इतकं बोलता तुम्ही?"

"कापडाचं असलं की बोलतो."

रोपं लागली, पण टेलरांचा हात जुन्या सवयीने रोज झारीकडे जायचा. सावलीतली माती लवकर वाळत नाही, हे लक्षात यायच्या आत दोन बिगोनिया बुडापासून कुजले. सासूबाईंनी झारी उचलून आपल्या खाटेखाली ठेवून दिली. टेलर दिवसभर फुरंगटून होते. संध्याकाळी मात्र त्यांनी निमूटपणे मातीत बोट खुपसून पाहिलं, आणि म्हणाले, "ओली आहे."

"मग?"

"मग काही नाही. राहू द्या झारी तिथेच."

वर्षभरात पट्टी भरून गेली. नेच्यांची गुंडाळलेली पानं उलगडू लागली. कॅलेडियम तर संध्याकाळीही लांबून पांढरं दिसायचं. एके दिवशी त्या उंच इमारतीतली एक बाई फाटकाशी आली. "आमच्या गॅलरीतून रोज बघते. आमच्याकडेही उजेड नाही. यातलं एखादं पिल्लू मिळेल का?"

टेलरांच्या कपाळावर आठी चढली. आमचं ऊन अडवलं ते अडवलं, वर रोपंही हवीत, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ती बिचारी भाडेकरू, इमारत काही तिने बांधली नव्हती. त्यांनी दुकानातली कात्री आणली आणि स्पायडर प्लांटची तीन-चार पिल्लं मुळांसकट कापून दिली.

"पाणी बेताने घाला," ते म्हणाले. "आधी बोट घालून बघायचं, माती ओली लागली तर घालायचंच नाही."

पायरीवर बसलेल्या सासूबाई गालात हसल्या. बाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या रिकाम्या कोपऱ्यात काय लावायचं?"

"मनी प्लांट. भिंतीवर चढेल."

"भिंतीवर नको, पाली येतात."

"पाली तशाही येतात, आई."

दोघं तिथेच अंधार पडेपर्यंत वाद घालत बसले.