आगळाने घासलेली अमेरिकन नाणी

हार्परने नाण्यांच्या ट्रेवरचं मखमली कापड बाजूला केलं आणि माझा भिंगाकडे जाणारा हात खिशातच थांबला. भिंगाची गरजच नव्हती. एकूण एक नाणं देवघरातल्या ताम्हनासारखं लखलखत होतं.

"बघ, पॅट," तो म्हणाला. आवाज शांत होता, आणि हार्परच्या बाबतीत ते वाईट लक्षण होतं. माझं आडनाव पाटणकर. ते त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून मी पॅट.

मी एक नाणं कडेने उचलून नाकाशी नेलं. आंबट, खारट वास. दोहात, दुहैलच्या कंपाउंडमधल्या एका अमेरिकन इंजिनियरच्या हॉलमध्ये हा वास येईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. कोकमाचं आगळ! आमच्याकडे सोलकढीला लागतं ते. मी खुर्चीवर बसून घेतलं.

आता थोडं मागचं सांगतो. मी मुंबईला फोर्टमध्ये जुन्या नाण्यांच्या एका दुकानात ग्रेडिंग शिकलो. शिवराई नाणी बघून बघून डोळा तयार झाला. सत्तरच्या दशकात दोहाला आलो तो सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या तोंडाशी असलेल्या अँटिकच्या दुकानात. मालक कतारी, अबू नासर. खंजीर, जुने मोती, जुने रुपये असा सगळा माल. गिऱ्हाईक बहुतेक तेल कंपन्यांतले गोरे साहेब. हार्पर त्यातलाच. दर शुक्रवारी दुकानात यायचा, आपली पुस्तकं मला वाचायला द्यायचा, आणि त्याच्याच नादाने मी अमेरिकेची जुनी तांब्याची नाणी शिकलो.

ही नाणी अमेरिका इंग्रजांपासून सुटली त्या आगेमागेची. तेव्हा सगळ्या देशाची एक टाकसाळ नव्हती. एकेका राज्याने आपापलं तांबं पाडलं. न्यू जर्सीच्या नाण्यावर घोड्याचं तोंड आणि त्याखाली नांगर असतो. तो नांगर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला उगाच आपलं वाटलं होतं. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे एका ठशाचा घोडा दुसऱ्यासारखा नाही. एखादा घोडा चक्क हसतो.

ग्रेड म्हणजे नाणं किती झिजलंय त्याची पायरी. या धंद्यात 'गुड' म्हणजे जवळजवळ पुसून गेलेलं. 'फाइन' म्हणजे बरं. 'व्हेरी फाइन' म्हणजे घोड्याच्या आयाळीच्या बटा वेगळ्या दिसतात असं. पण तांब्याच्या बाबतीत झिजेपेक्षा रंग मोठा. दोनशे वर्षांत तांब्यावर जो शांत तपकिरी रंग चढतो, त्याला आम्ही स्किन म्हणतो. ती स्किन गेली की सगळं गेलं. खाली जे निघतं ते नवं तांबं नसतं, सोललेलं तांबं असतं. गुलाबी. पाहणाऱ्याला चकाकी दिसते आणि आम्हाला जखम.

हार्परचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. तेलाचे भाव पडले होते आणि कंपनी एकेकाला घरी पाठवत होती. त्याने कलेक्शन आमच्या दुकानाला विकायचं ठरवलं. अबू नासरने लगेच गिऱ्हाईकही गाठलं. सौदीतल्या दहरानच्या एका हॉस्पिटलमधला अमेरिकन डॉक्टर. हा डॉक्टर नाणी न बघता, नुसत्या माझ्या कार्डांवर घ्यायचा. कार्डावर ग्रेड, रंग, दोष आणि खाली माझी सही. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी शेवटचं ग्रेडिंग करून माल ताब्यात घ्यायला आलो होतो.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

हार्परने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "इस्माईल!"

इस्माईल त्यांचा कुक. संगमेश्वरच्या बाजूचा कोकणी मुसलमान, पन्नाशीचा, दाढी पांढरी. त्या घरात गेलो की मला चहाबरोबर तो हळूच एखादी सांदणाची वडी द्यायचा आणि गावाकडचं विचारायचा. त्या कंपाउंडमध्ये त्याच्याशी मराठी बोलणारा मी एकटाच होतो. तो हात पुसत आला आणि माझ्याकडे बघून हसला. शाबासकीची वाट बघत होता बिचारा.

"इस्माईलभाई, ही नाणी तुम्ही घासलीत?"

"मंग! सगली." तो खूश होऊन म्हणाला. "मॅडम बोलली, पाटणकरसायब येनार, नानी घेऊन जानार. मी पेटी उघडून बघतलं, सगली कालीकुट्ट. म्हटलं, घेनारा मानूस दारात येनार आनि सायबाचा माल असा? गावाहून आगल आनलेलं व्हतं. त्यात ठेवली, नि नारलाच्या शेंडीनं घासली. कशी झाली?"

बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं रंगवतात, तसाच हा प्रकार. आपल्याकडे तांबं काळं ठेवणं हा आळशीपणा. पाहुणा यायचा म्हटलं की हंडे-कळश्या आधी घासायला निघतात. त्या माणसाने धन्याची लाज राखली होती, आणि ती राखताना धन्याचा बारा वर्षांचा छंद सोलून काढला होता. आगळात आंबटही असतं आणि मीठही. तांबं सोलायला त्याहून जालीम औषध शोधून सापडणार नाही. त्यावर शेंडीचे ओरखडे.

मी हार्परला हे सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. चोरी नाही, खोडी नाही, प्रेमाने केलंय. त्याने ऐकून घेतलं.

"प्रेमाने," तो म्हणाला. "ठीक. मीही प्रेमाने त्याची एनओसी थांबवतो."

एनओसी म्हणजे ना हरकत पत्र. गल्फमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. माणूस ज्याच्या व्हिसावर आलेला असतो, त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे कामाला लागता येत नाही. इस्माईल कंपनीच्या व्हिसावर होता आणि कंपनी हार्परच्या शब्दावर. त्याला एका ब्रिटिश कुटुंबाकडे नोकरी ठरलेली होती. हार्परचं पत्र मिळालं तर तिकडे, नाही तर संगमेश्वर. तिकडे त्याची वाट बघणारी घरात सात तोंडं होती आणि कमावणारा हा एकटा.

हार्परने त्याला त्याच दिवशी घरातून काढून कंपनीच्या कॅम्पवर पाठवलं. इस्माईलला काय घडलं ते मी दारात सांगितलं. त्याला पटेचना. "सायब, सोन्यासारकी झाली ना?" एवढंच तो परत परत म्हणत होता.

दोन दिवसांनी हार्पर दुकानात आला. "पॅट, तो रंग परत आणता येतो ना?"

येतो. गंधकाची पूड व्हॅसलीनमध्ये कालवायची, नाण्याला चोपडायची, दिव्याखाली मंद ऊब द्यायची, आणि मग मऊ ब्रशने घासत बसायचं. तांबं हळूहळू तपकिरी होतं. नाणं उघडंबोडकं दिसू नये म्हणून सगळेच डीलर हे करतात. फक्त कार्डावर लिहायचं असतं: क्लीन्ड, रीकलर्ड. म्हणजे घासलेलं, परत रंगवलेलं. लिहिलं तर ती दुरुस्ती. न लिहिलं तर फसवणूक. एवढाच फरक आहे, आणि सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे.

मी आठवडाभर ते काम केलं. पाठ मोडून आली, नखं पिवळी झाली. मुंतझा भागातल्या खोलीवर माझे सोबती म्हणायचे, पाटणकर, तुम्हाला कुजक्या अंड्यांचा वास येतोय. पण काम मात्र झकास झालं. हार्परने घोडा-नांगराचं नाणं उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"कुणाला कळणार नाही," तो म्हणाला.

"कार्ड वाचलं की कळेल."

त्याने नाणं ट्रेमध्ये परत ठेवलं. "कार्डावर लिहायची काय गरज आहे?"

मग त्याने अगदी व्यवहार मांडावा तसं मांडलं. जुन्या ग्रेडची, जुन्या रंगाची कार्डं लिही. सौदा ठरल्याप्रमाणे होऊ दे. मी इस्माईलचं पत्र सही करतो. हा विषय संपला.

"तुम्ही स्वतः कलेक्टर आहात," मी म्हणालो. "तुम्हाला असं नाणं कुणी दिलं असतं तर?"

"मी आता कलेक्टर नाही, पॅट. मी नोकरी गेलेला माणूस आहे."

अबू नासर मागे बसून ऐकत होता. हार्पर गेल्यावर तो म्हणाला, "बाटनकर, डागदर को आँख है क्या? तुम लिखेगा ब्राउन, वो देखेगा ब्राउन. यल्ला, खलास करो." त्याच्या अरबी तोंडात 'प' नव्हता आणि डोक्यात शंका नव्हती. माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं की तपकिरी नाण्याला तपकिरी म्हणायला मी का अडतोय.

शुक्रवारी इस्माईल माझ्या खोलीवर आला. कुणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं. चहा पुढे ठेवला, तो त्याने घेतला नाही.

"सायब, एक सबूद लिवायचा नाय, एवडंच ना?"

"दोन शब्द आहेत, इस्माईलभाई."

"दोन तर दोन. लिवलं नाय तर कोन मरनार हाय?"

"तिकडे एक माणूस माझ्या सहीवर डोळे मिटून माल घेतो. त्याला फसवल्यासारखं होईल."

"त्या मानसाला तुमी बघतलंय?"

"नाही."

"माका बघतलंय ना?"

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते सोपं असतं, दोन्हीकडे बुडणारे आपणच असतो. इथे मी काठावर कोरडा उभा होतो आणि बुडणारा दुसराच होता. मी त्याला म्हटलं, मी हार्परशी पुन्हा बोलतो. त्याने मान हलवली आणि चपला घालून निघून गेला. पंधरा वर्षांत मी किती ग्रेड दिले असतील, पण त्या माणसाकडे बघताना वाटली तेवढी स्वतःची लाज मला कधीच वाटली नाही. तरी मी बदललो नाही. ग्रेडरची सही ही एकच गोष्ट असते त्याच्याकडे, हे मला फोर्टमधल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं, आणि इतकी वर्षं घोटलेलं एका शुक्रवारी पुसलं जात नाही.

हार्परशी बोललो. विनवलं म्हणा. तो म्हणाला, "कार्ड की कुक, तू ठरव." मी कार्डं त्याच्यासमोर लिहिली. प्रत्येकावर ते दोन शब्द. हार्परने ती वाचली, ट्रे उचलला आणि निरोप न घेता गेला. अबू नासरने दहरानला फोन करून सौदा मोडला आणि पुढचे कित्येक दिवस तो माझ्याशी अरबीतच बोलला, कारण मला अरबी धड कळत नसे.

आता इस्माईलचं सांगतो. तुम्हाला वाटेल हार्परला उपरती झाली असेल. तसं काही झालं नाही. झालं ते असं की हार्परची फेअरवेल पार्टी ठरली होती. अख्खं कंपाउंड, वर कंपनीचे बडे अधिकारी. मिसेस हार्परने सगळ्यांना इस्माईलची मटण बिर्याणी कबूल केली होती, आणि इस्माईल कॅम्पवर बसलेला. त्या बाईने नवऱ्याला सांगितलं, बिर्याणी नाही तर पार्टी नाही, आणि पार्टी नाही तर मीही तुझ्याबरोबर विमानात नाही. इस्माईलला गाडी पाठवून आणलं. त्याने बिर्याणी केली. लोकांनी बोटं चाटली. शेवटी बाईने सगळ्यांदेखत कागद आणि पेन हार्परपुढे ठेवलं आणि त्याने सही केली. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. मला पार्टीला बोलावणं नव्हतं.

म्हणजे माझ्या खरेपणाने इस्माईलचं पाऊल जवळपास विमानात ठेवलं होतं, आणि त्याला खाली उतरवलं ते मटणाने. दहरानच्या डॉक्टरला आपण कशातून वाचलो हे कधी कळलंच नाही. हार्पर नाणी घेऊन अमेरिकेला गेला. कार्डं त्याने ठेवली की फाडली, देव जाणे.

पुढे काही महिन्यांनी इस्माईल मला सूक वाकिफमध्ये भेटला. मसाल्याच्या दुकानासमोर नव्या मॅडमची पिशवी घेऊन उभा. मला फार बरं वाटलं. मी लांबूनच हाक मारली, "इस्माईलभाई! कसं चाललंय? गावाकडं सगळी बरी?"

तो वळला. हात छातीला लावून त्याने रीतसर सलाम केला.

"अल्ला का करम है, साहब," तो म्हणाला. "आप कैसे हैं?"

मी मराठीत आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं त्याने शुद्ध, अदबशीर हिंदीतच दिली, मग दालचिनीचा पुडा पिशवीत टाकून निघून गेला.

नवीन मुलं ग्रेडिंग शिकायला येतात तेव्हा विचारतात, दोष लिहायचा की नाही हे कसं ठरवायचं? मी सांगतो, ठरवायचं नसतं, दिसला की लिहायचा. ते खरंच आहे. फक्त त्याने आपल्याला कुणी बरं म्हणेल ही अपेक्षा ठेवायची नाही, एवढं मी पुढे जोडतो.