साखरेचं पाणी आणि डावी टाच

भूत, भानामती असलं काही सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. या सदरात पत्रं लिहिणाऱ्यांचीसुद्धा! आता तुम्ही माझी उडवा.

अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये मी स्टाफ नर्स होते. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं — नवजात बाळाला वेदना कळत नाहीत, रडणं हा नुसता रिफ्लेक्स. आम्ही शहाण्यांनी ते मानलं! आमची आया, बेलवलीची शेवंतामावशी, अंगठाबहाद्दर. काविळीच्या तपासणीला बाळाची टाच टोचायची असली की ती त्याला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळायची, जिभेला साखरेचं पाणी लावायची आणि कानात सांगायची, "टोचतान हां, बाय." बाळ गप्प. मी तिला 'गाठोडेवाली' म्हणायचे. शेवटी 'अनहायजिनिक' असा रिपोर्ट लिहून मीच तिला कामावरून काढायला लावलं.

दोन महिन्यांनी तिथेच माझं सिझेरियन झालं. मुलीला कावीळ. रोज अकराला उल्हासनगरहून लॅबवाला यायचा, आणि शेजारच्या खोलीतून तिचं किंचाळणं... टाके धरून मी पडल्या पडल्या रडायचे. रिफ्लेक्स म्हणे!

तिसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तरी आवाज नाही. मला वाटलं, पोर गेली. मी ओरडले तसा लॅबवाला धावत आला.

"अरे दीदी, घबराओ मत! आज तो रोई ही नहीं. अपनी मावशी ने पकडा था ना, कपडे में बांध के."

मावशीला काढल्याचं त्याला माहीतच नव्हतं. मुलीला माझ्याजवळ आणलं. डाव्या टाचेवर चिकटपट्टी. तिच्या ओठांना बोट लावून चाखलं... गोड. ड्यूटीवरची सिस्टर शपथेवर सांगत होती, आत कुणीही आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी हिंडूफिरू लागल्यावर बेलवलीला गेले. मावशी खाटेवर, पाय प्लॅस्टरमध्ये. सून म्हणाली, महिना झाला, उंबरठासुद्धा ओलांडला नाही. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर मावशीच म्हणाली, "बाय बरी हाय ना? डावी टाच सुकली का तिची?"

मला मुलगी झाल्याचंही त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मोठे डॉक्टर स्लाइड लावून शिकवतात — बाळाला गुंडाळा, गोड पाणी द्या. मी मागच्या रांगेत बसून हसते.

त्या दिवशी ती आत कशी आली, मला आजही सांगता येत नाही. मी तिला बाहेर कसं काढलं, ते मात्र नीट सांगता येतं.