हात न आवरणारे भावजी

माझ्या वेड्यावाकड्या अक्षराला आणि चुकलेल्या काना-मात्रेला कोणी हसू नये. चौथीनंतर हातातली पाटी गेली आणि खुरपं आलं. पण एक गोष्ट मी न भिता लिहिते, की आमच्या सगळ्या शेवगाव तालुक्यात माझ्या धाकट्या दिरांइतका उतावळा माणूस दुसरा नाही. आणि अशा माणसानं धंदा धरला तो रंग वाळायची वाट बघण्याचा.

गिटार वाजवणारे लोक पायाशी एक छोटी पत्र्याची डबी ठेवतात. ती पायानं दाबली की आवाज कधी घुमतो, कधी चिरका होतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता भावजी या डब्या बनवायला शिकले. आतलं तारांचं काम ते झटपट करायचे, पण गिऱ्हाईक आधी रंग बघतं आणि रंगाला पैसे नसायचे. मग पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग, माझं नेलपॉलिश, रांगोळीचे छाप, जे हाताला लागेल ते डब्यांवर जायचं. गोल ठिपके हवे असले की माझ्या टिकल्या डबीवर चिकटवायच्या, वरून रंग मारायचा आणि टिकल्या उपटून काढायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी टिकल्यांचं पाकीट उघडलं, तर आत नुसता कागद. "वहिनी, तुमच्या टिकल्या आता लग्नाच्या वरातीत वाजत्यात," भावजी दारातून म्हणाले. चार बायकांत मला मान वर करवेना, पण हसूही आवरेना.

रंगाला वाळायला दोन दिवस लागतात आणि भावजींना दोन मिनिटं निघत नाहीत. वाळला का म्हणून बोट लावायचं, ठसा उठला की पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा रंग, पुन्हा बोट. एका डबीवर रंगाचे इतके थर चढले की तिचं झाकण बसेना. सुपानं वारा घातला, तर सुपातला कोंडा रंगाला चिकटला. एकदा त्यांनी डब्या माझ्या गरम तव्यावर मांडल्या. त्या दिवशी सासरे पहिला घास मोडून म्हणाले, "आज भाकर केली का डांबर?"

मग संगमनेरहून एका ऑर्केस्ट्रातला गिटारवाला आला आणि सहा डब्या सांगून गेला. "सगळ्या काळ्या पायजेत. फुलं न्हाई, ठिपके न्हाई. बोटाचा ठसा दिसला तर घेणार न्हाई." तो बसलेला असतानाच सासरे म्हणाले, "ह्या माघारी आल्या तर दुसऱ्या दिवशी कारखान्यावर वॉचमन म्हणून जायचं. मी बोलून ठिवलंय." भावजी दिवसभर एका खुर्चीवर बसलेत, हे काही माझ्या डोळ्यांपुढं येईना. शेळी विकून आलेले माझे पैसे मी रंगासाठी त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवले. तोंडानं काही बोलले नाही.

तरी रंग बिघडला. पुन्हा बिघडला. तेव्हा मात्र मी बोलले. लग्न होऊन आल्यापासून या घरातलं माझं सगळ्यात लांब बोलणं तेच असेल. "भावजी, डब्या गच्चीवरच्या रिकाम्या धान्याच्या कोठीत ठेवा. पत्रा उन्हानं तापतो, आत धूळ जात न्हाई. कुलूप मी लावते आन चावी माझ्यापाशी राहील."

चावी पदराला बांधली आणि घरात कोणालाच चैन पडेनासं झालं. भावजी कोठीभोवती फेऱ्या घालायचे, खाली यायचे, पुन्हा वर.

"वहिनी, नुसता वास घेतो."

"वास भाईर बी येतोय."

"एकच बघतो. कडंची."

"कोठी गोल हाय भावजी, तिला कड कुठली?"

"तुमी चौथीच्या पुढं शिकल्या असत्या ना, तर जेलर झाल्या असत्या."

त्या दिवसांत त्यांनी घरातला चांगला चाललेला पंखा खोलून दुरुस्त केला, आणि मग तो बंद पडला. खरं सांगायचं तर माझाही हात सारखा पदराच्या गाठीकडं जात होता. आत रंग ओघळला असला तर काय, या विचारानं भाकरी दोनदा करपली.

गिटारवाल्यानं एकेक डबी उन्हात फिरवून बघितली. काळ्या रंगात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या. त्यानं सहाही घेतल्या. सासऱ्यांनी चहा दुसऱ्यांदा टाकायला सांगितला. त्या डब्या पुढं पुण्याच्या एका दुकानात कोणी बघितल्या आणि महिन्याभरात दुकानदारानं भावजींनाच कामाला बोलावून घेतलं. डब्या बनवायच्या, डब्या रंगवायच्या. वॉचमनची खुर्ची टळली, तसं गावही सुटलं. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

आता गच्चीवर कुरडया घालते. त्या जागच्या जागी वाळतात, कोणी मधेच उचलून बघत नाही.

शेळीचे पैसे भावजी थोडे थोडे फेडत होते. काल आले, चहा उभ्यानंच प्यायले, एसटी चुकेल म्हणाले आणि उरलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या. "मोजून घ्या वहिनी. आता काई राह्यलं न्हाई."

मी मोजले. बरोबर होते.