आदी जुना बोकड पाण्यात

मामा गेल्याचं कळलं तवा मी दहिवडीच्या बाजारात पोरीच्या पायात चप्पल घालून बघत हुते. मामीचा फोन आला, "तुजा मामा गेला, लगीच ये," एवढंच म्हणली आन् ठेवला. माज्या मनात पयलं काय आलं सांगू? दवाखान्यातली गोळी. त्या गोळीनंच तर न्हाई ना... रडू मागनं आलं.

मामा म्हंजी माजा मामा बी आन् सासरा बी, आमच्यात मामाच्या पोराला पोर द्यायची रीत हाय. त्येला ल्हानपणापसनं आंधार पडला की दिसायचं न्हाई, मग दिवसाचं बी कडंकडंनं मिटत मिटत नळीतनं बघावं एवढंच ऱ्हायलं. तरी मेंढरं राखायचा, आवाजावर. पुढं माजी सई दिवस कलला की उंबऱ्याला अडखळाय लागली, तवा दोघांना सांगलीला घिऊन गेले. तितल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचं डोळं तपासलं, म्हणल्या, पडद्याचा आजार हाय, रक्तातनं आलाय, नात्यात लगीन झालं की दोन्हीकडनं येतो. औशिद न्हाई. पर शुगरची जुनी गोळी ह्या डोळ्यावर चालती का ते बघायलोय, मोठ्या माणसांवर. काहींना खरी, काहींना नुसती पिठाची. कुणाला कंची, ते आमाला बी ठावं नसतं.

मामा हासला. "आवं बाई, आमची म्हातारी रोजच खाती की शुगरची गोळी! तिला अजून सुईत दोरा ववता येत न्हाई."

घरी आल्यावर मामीनं काय केलं, तिची गोळी वरवंट्यानं फोडली आन् गुळात कालवाय लागली, सईला द्यायला. म्हणली, "दवाखान्यात फुकट मिळती, मग पोरीलाच का नगं?" मामाला दिसत न्हवतं, पर वरवंटा ऐकू आला. आसा वरडला... "ठिव खाली! कराडाकडं मेंढरं नेताना नदीत कोकरू पुढं घालत्यात व्हय गं? जुना बोकड घालत्यात. पाणी किती हाय ते त्येला कळू दे आदी. आदी माज्यावर बघू द्या."

मग त्येनं गोळीच्या तपासणीत नाव दिलं, दर खेपंला एस्टीनं सांगलीला जायाचा, मी संगं. पोट बिघडलं तर ते बी बाईंना सांगायचा, लपवायचा न्हाई. मी रोज इच्चारायची, "मामा, जरा उजाडल्यागत वाटतंय का?" तर म्हणायचा, "तुजं त्वांड दिसंना, एवढं बरं हाय."

आन् एक दिस सकाळी मेंढरांच्या वाड्यात बसल्या बसल्याच गेला. बाई म्हणल्या, काळीज बंद पडलं, गोळीनं झालं आसं दिसत न्हाई. पर गोळीची तपासणी पुरी झाल्याबिगर शपथंवर सांगता येत न्हाई. त्येला खरी गोळी हुती का पिठाची, ते बी तवाच कळंल. बोकड पाण्यात उतरला खरा, पर पाणी किती हुतं ते कुणालाच सांगता येईना...

काल बाईंचा फोन आला. मोठ्यांवर आतापातूर मोठा धोका दिसला न्हाई, म्हणून आता तपासणीत ल्हान पोरं बी घेणार हायत, इचार करून सांग. गोळी दिली आन् पोरीला काय झालं तर? न्हाई दिली आन् डोळं गेलं तर? मुंबैला मालकांना, सईच्या बापाला, फोन केला, ते म्हणले, तूच ठरीव. माज्या मनात आलं, न्हाई म्हणून टाकावं.

मामाच्या काठीला मेंढराची घंटी बांधल्याली हाय. सांच्याला सईला दिसंना झालं की त्यो काठी आपटत पुढं चालायचा आन् पोर घंटीच्या मागनं. काल दिवस बुडाला, मी फोन घिऊन वट्यावरच बसल्याली. सईनं चाचपडत खुट्टीवरची काठी काढली आन् निघाली वाड्याकडं, घंटी वाजवत. मी घाबरून वरडले, "आगं पडशील!"

"न्हाई पडत," लांबनं म्हणली. "तू ये घंटीच्या मागनं."

मी उठले. सांगलीला जाऊन आदी सगळं इच्चारणार हाय. काठी संगं नेणार हाय.