दोन एकरांची अळी

१९४३ च्या नोव्हेंबरची नऊ तारीख, सकाळचे साडेसात. दुकानाची फळी काढता काढता तो म्हणाला, “हाव साहेब, समजून गेलं.”

मी अजून काही सांगितलेच नव्हते.

हे वाक्य म्हणताना तो उजव्या हाताचा आंगठा छातीवर टेकवी. ती खूण झाली की काम त्याच्याच मनाप्रमाणे होणार, हे निश्चित. अशी माणसे आपणही पाहिली असतील. विरोध करणाऱ्याशी भांडता येते. होकार देणाऱ्याचे काय करावे, ते मला आजतागायत उमगलेले नाही.

बुलढाण्यात त्याचे फोटोचे दुकान होते. मूळचा रोहिणखेडचा, शेतकऱ्याच्या घरचा. मी शेतकी खात्यात साहाय्यक होतो. त्या साली धाड गावाच्या बाजूस कपाशीच्या बोंडांत शेंदरी अळी फार पडली होती. शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक निघायचे होते, आणि त्यात अळीचे चित्र ‘नैसर्गिक आकाराच्या दुप्पट’ हवे, असा वरचा हुकूम होता. माप चुकले तर वाचणारा भलत्याच अळीला शेंदरी समजून बसतो.

लढाईमुळे, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. चित्र पसंत पडले तर खात्यामार्फत त्याला काचांचा परवाना मिळणार होता. न पडले तर दुकान बंद. हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. गावाहून जावयाचे निरोप येतच होते, की वावर पडीक पडले आहे, परत या. त्याच्याजवळ तीन काचा उरल्या होत्या. त्यांपैकी दोन त्याने आधीच वाया घालवल्या होत्या.

वास्तविक काम अवघड नव्हते. वस्तू भिंगाजवळ आणावी आणि कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता लांबवावा, म्हणजे आतली प्रतिमा वाढत जाते. त्याच्या भिंगाला भाता बारा इंच ताणला की प्रतिमा वस्तूएवढी पडे. अठरा इंच ताणला की दुप्पट. पडताळा त्याहून सोपा. अळीच्या जागी फूटपट्टी धरावी. तिचा एक इंच कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर दोन इंच भरला, की झाले. हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितले. पुन्हा पुन्हा आंगठा छातीवर टेकला.

पहिल्या काचेवर अळी दीडपटीहून किंचित कमी भरली. मी त्यास निष्काळजीपणा म्हटले. दुसऱ्या काचेवरही ती नेमकी तेवढीच भरली. निष्काळजी माणसाची चूक दोनदा सारखी येत नाही. म्हणून त्या सकाळी मी प्रथम हेच विचारले, “दुप्पट करा म्हटले की तुम्ही काय करता?”

त्याने कोळसा घेतला आणि फरशीवर एक चौकोन काढला.

“हे एक एकर वावर. याले दुप्पट करा म्हटलं, तं किती होते?”

“दोन एकर.”

“मंग? दोन्ही बाजू दुप्पट केल्या तं चार एकर होते, साहेब.” त्याने शेजारी बेताने मोठा चौकोन काढला. “मी अळीले बराबर दोन एकर देल्ले.”

मी मोठ्या चौकोनाची बाजू मापली; लहानाच्या दीडपटीहून किंचित कमी भरली.

“आमच्या कामात लांबी मोजतात,” मी म्हणालो. “जागा मोजत नाहीत.”

“काऊन? अळी काय रेघ हाये?”

“रेघ समजा.”

“बोंड खाते तवा तं रेघ नसते थे.”

“लांबी दुप्पट करा. हुकूम आहे.”

“म्हणजे चौपटच म्हणा ना!” त्याच्या बोलीत चौपट म्हणजे सत्यानाशही. “पिकाच्या कागदावर चौपट? लोक म्हणतीन, सरकारनंच लिवून देल्लं.”

“कागदावर दुप्पट हाच शब्द राहील.”

“हाव साहेब, समजून गेलं.”

आंगठा छातीवर टेकण्याआधीच मी फूटपट्टी माझ्या हातात घेतली. आणखी एक गोष्ट मी त्याला तेव्हाच बजावली. चित्राबरोबर ही अळी स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवायची होती. तीच अळी, कारण प्रत्येकीची लांबी वेगळी, आणि चित्राचे माप तिच्यावरूनच तपासले जाणार होते. “समजून गेलं,” तो म्हणाला.

भाता पंधरा इंचांपुढे येईना. त्याचे माप भात्यात बसत होते आणि माझे बसत नव्हते, हेही त्याने मला ऐकवले. शेवटी सुताराकडून लाकडी खोका करून आणला, तो पुढे जोडला आणि फटींवर काळे फडके गुंडाळले. भिंग इतके लांब गेले की आत उजेड कमी पोचतो. काच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ अळीने स्थिर राहावे कसे?

“थांब ना बे!” तो तिच्यावर खेकसला. “तुह्याच साठी चाललं हाये सारं. साहेब, याच्यापरीस नवरदेव बरा. तो घाबरून तरी उभा राह्यते.”

मी अळी ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवायला लावली. गारव्याने ती सुस्तावली. ऊन अंगणात सरळ उतरले तेव्हा काम झाले.

काच धुऊन त्याने उजेडात धरली. मी मापले. बरोबर दुप्पट. अंगावरचा प्रत्येक वेढा आणि केस स्पष्ट होता.

“हे दुप्पट?”

“हो.”

तो बराच वेळ काचेकडे पाहत राहिला. मग अळीला उद्देशून म्हणाला, “नशीब काढलं बे तू.”

“ठीक आहे,” मी म्हणालो. मी याहून अधिक कोणालाच म्हणत नसे, आणि ते त्याला माहीत होते. त्याने पागोटे नीट केले.

चित्र नागपूरच्या कचेरीतून परत आले. शेरा एका ओळीचा होता: माप पडताळता येत नाही. परवाना मिळाला नाही. संक्रांतीनंतर तो कॅमेरा गाडीत घालून रोहिणखेडला गेला. पुढे एकदा रस्त्यावरून जाताना तो मला कपाशीत पाठमोरा दिसला. मी हाक मारली नाही. आता हाक मारून उपयोग नाही. त्याला जाऊनही पुष्कळ वर्षे झाली.

चित्रात दोष नव्हता. जे घडले ते चित्र काढले त्याच दिवशी, दिवस कलताना घडले.

काच वाळत ठेवली होती. मी स्पिरिटच्या बाटलीचे बूच काढत होतो. त्याने माठावरचे फडके उचलून झटकले. गारव्यातून जागी झालेली अळी फरशीवर पडली आणि कोळशाच्या चौकोनातून चालू लागली. मी “अहो” म्हणेपर्यंत त्याचा पाय पडला होता.

आम्ही दोघेही खाली पाहत राहिलो.

“पायानं केलं, साहेब,” तो म्हणाला. “मले समजलं होतं. पायाले कोण सांगीन? दिसली की चिरडाची, एवढंच शिकला तो जन्मभर.”

या खेपेस आंगठा छातीकडे गेला नाही.

मी बूच परत लावले. त्याने तळवा पायरीला घासला, ओल्या फडक्याने फरशीवरचे दोन्ही चौकोन पुसून काढले, फडके पिळून दोरीवर टाकले, आणि दुकानाची फळी लावली.