पाच तुकड्यांचा एल्बो

"सर, जाळी रडून राह्यली."

असं म्हणत ती संगणकाच्या पडद्यावर लाल डागावर अंगठा दाबून धरायची आणि मी उखडायचो. हिंगणघाटच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. मी तिचा साहेब, वयानं आठ वर्षं मोठा, तरी मीही ताईच म्हणायचो.

आमचं काम थोडक्यात सांगतो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पंख्याच्या ओढीनं कापूस मोठ्या पाइपातून मशीनपर्यंत जातो. पाइपात हवा कशी वाहील ते संगणकावर काढायचं, तर आधी पाइपाची पोकळी लाखो बारीक घरांत कापावी लागते. तीच जाळी. सरळ पाइपात घरं नीट बसतात. वाकणावर, म्हणजे एल्बोत, ती चेपतात, तिरपी होतात आणि मग संगणक चुकीचं उत्तर बिनदिक्कत देतो. अशी बिघडलेली घरं पडद्यावर लाल दिसतात.

ताईला गोलाई दिसली की राहवत नसे. चहाच्या टपरीवर किटलीची चोच न्याहाळत म्हणायची, "याची जाळी करा लागली ना सर, तर माह्या घरी दोन दिवस चूल नाई पेटत." अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्याच जिवावर पगार घेतो.

एका जिनिंगच्या जुन्या पाइपाला जास्त जोराचा पंखा बसवायचा होता. हंगाम तोंडावर आलेला, आमच्या मालकांना रिपोर्ट ताबडतोब हवा होता. ताईची जाळी वाकणावर लाल. पुन्हा केली, पुन्हा लाल, चार ठिकाणी.

"एल्बो गोल नाई सर. वेल्डरनं पाच तुकडे जोडून केला हाय. मी शिडीवर चढून मोजला. जोडावर आतून धार हाय."

"ड्रॉइंगमध्ये गोल आहे."

"ड्रॉइंगमधून कापूस जाते काय?"

सगळे हसले. ते हसू मला झोंबलं. ती घरी गेल्यावर मी तिचं मोजमाप काढून टाकलं, ड्रॉइंगमधली गुळगुळीत गोलाई बसवली आणि जाळी पुन्हा चालवली. लाल डाग एकही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते पाहिलं.

"हे काय केलं सर?"

"दुरुस्त केली."

"जाळी दुरुस्त केली, का पाइप?"

पाइप नव्या पंख्याला चालेल, असा रिपोर्ट गेला. 'जाळी तयार करणारे' या रकान्यात तिचं नाव होतं, ते मी तसंच राहू दिलं.

हंगामात त्याच वाकणावर, त्याच जोडांवर कापूस अडकू लागला. एके दुपारी अडकलेल्या कापसात ठिणगी पडली. झाकण उघडून कापूस ओढायला गेलेल्या मजुराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. ताईनं लाल डागांचं चित्र छापून आणलं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"ये लाल-पिला मेरे को मत दिखाओ, ताई," मालक म्हणाले. "सर, तुम्ही बोला. हे काय आहे?"

ताई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "हे जुनं चित्र आहे. नंतर जाळी दुरुस्त झाली होती."

एकही शब्द खोटा नव्हता. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. निदान धडधडीत खोटं बोलण्याइतकी तरी हिंमत असावी माणसात! रकान्यात नाव तिचं, म्हणून तिलाच त्याच आठवड्यात काढलं. मी तिच्यावरही चिडलो होतो. ती ओरडली का नाही, माझी गचांडी का धरली नाही, म्हणून. आपली लाज दुसऱ्यानं ओरडून बाहेर काढावी, ही कसली अपेक्षा?

गेल्या महिन्यात मी सगळं लिहून काढलं, सही केली, मालकांना दिलं. त्यांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं. "झालं ते झालं, सर." मग त्याची एक प्रत घेऊन मी तळेगावला ताईच्या घरी गेलो.

तिनं उंबऱ्यातच उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद घडी घालून परत दिला.

"मले काऊन दाखवता? त्याले दाखवला काय, ज्याचे हात जळले?"

"नाही."

"मी गेलती दवाखान्यात तीन खेपा. त्याले अजून वाटते, आपणच झाकण चुकीचं उघडलं. मी सांगतलं तर म्हणे, रिपोर्ट तं साहेबाचा हाय, साहेब चुकन काय?"

मी विचारलं, "कुठल्या गावचा आहे तो? नाव काय त्याचं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला रागावलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"नावबी मालूम नाई तुमाले?"

तिनं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.