देठावरचं कडं

टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या लॉनवरून आप्पांनी टॉवेलात बांधून अळंबी आणली, तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. पांढरीशुभ्र, बशीएवढी. 

आप्पा म्हणजे माझे वडील. कणकुंबीच्या रानात त्यांचा जन्म गेला. अळंबी ओळखायला मला त्यांनीच शिकवलं: खायची ती वारुळावरच उगवते. आता माझ्याकडे राहतात आणि शहरातल्या भाज्यांना नावं ठेवतात.

"तिथं वारूळ कुठाय आप्पा?"

"असंल खाली. बिल्डिंग बांधताना सपाट केलं असंल. फोडणी टाक."

"न्हाय टाकणार."

"मग मी टाकतो. आणणाऱ्यानं आधी खायची, आपली रीतच हाय. मला काय झालं न्हाय, तर मग तुम्ही खावा."

या रीतीचा मला लहानपणापासून संताप येतो. कर्त्या माणसानं विषाची परीक्षा घ्यायची आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं! त्यांनी पेटवलेला गॅस मी बंद केला आणि शेगडीपुढे उभी राहिले. ऑफिस गेलं खड्ड्यात.

"मला शिकवतीस व्हय गं?" आप्पांचा आवाज चढला.

"व्हय. तुम्हीच शिकवलेलं."

छत्रीखालच्या पाकळ्यांवर हिरवट झाक होती, पण ती दाखवून उपयोग नव्हता. त्यांची नजर अधू झाली होती आणि ते कबूल करत नव्हते. म्हणून मी त्यांचं बोट धरून देठावरून फिरवलं. मध्येच ते अडलं. तिथं मऊ कडं होतं, बांगडीसारखं वरखाली सरकणारं. वारुळावरच्या आमच्या अळंबीला असलं कडं नसतं. तिचं मूळही निमुळतं होत वारुळात खोल जातं. इथं बुडाला नुसता फुगीर गड्डा. आप्पांनी दुसरी उचलून चाचपली, मग तिसरी. प्रत्येकीला कडं होतं.

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

"टाकून दे," ते म्हणाले. टॉवेलाला बोटं पुसत विचारलं, "मला दिसत न्हाय, हे तुला कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीपासनं. आज डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. विचारत न्हाय, सांगते."

"भ्या वाटतंय गं," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या.